अकरा वर्षांचं बाक

२ फेब्रुवारी
ती गेली. ताईकडे, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीकडे. बॅग भरायला दहा मिनिटं! एरवी लग्नाला निघायचं तर दीड तास लागतो.

झालं एवढंच. ताई अंगणातल्या बाकावर बसल्या, उठताना साडी कुसळात अडकली, टर्रकन फाटली. शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण मी! "ताई, अकरा वर्षं ऊन-पाऊस खातंय ते. कुणी एकदाही हात लावला नाही, तरी बघा कसं ठणठणीत! याला म्हणतात कारागिरी." बाक मी स्वतः केलंय, हे सांगायची संधी मी सोडत नाही. आयुष्यात पूर्ण केलेली एकच वस्तू. तीही पूर्ण नाहीच — व्हार्निश पुढच्या रविवारी लावणार होतो. अकरा वर्षांपूर्वीच्या पुढच्या रविवारी.

ती म्हणाली, "कुणी हात लावला नाही काय? बरं. आता तुम्ही लावा. बाक नीट झालं की बोलवा मला."

ताईंच्या साडीवरून एवढा राग?

३ फेब्रुवारी
सवयीनं दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यालो.

५ फेब्रुवारी
हार्डवेअरवाला म्हणाला, "बाहेरचं लाकूड? हे व्हार्निश न्या. पाच वर्षं बघायला नको." माझ्यासाठीच बनवलंय! आधी पॉलिश पेपरनं घासा, म्हणाला. घासलं — एक बाजू. मग खांदा दुखायला लागला. बाकीचं ओल्या फडक्यानं पुसलं. घासल्यासारखंच दिसत होतं.

भर उन्हात दोन हात मारले. काय चकाकी! लगेच फोन करणार होतो. म्हटलं, वाळू दे.

६ फेब्रुवारी
बोट लावून बघितलं. वाळलं होतं. बसलो. बोटाएवढीच जागा वाळली होती!

पायजमा अजून बाकावर आहे. मी घरात कसा आलो ते इथेही लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी
पावसाची वाट कशाला बघा? पाइप लावून स्वतःच परीक्षा घेतली. तासाभरात पांढरे डाग, मग फुगे, मग पापुद्रे. नखानं ओढलं तर हातभर सालच निघाली. शेजारचे कुंपणावरून म्हणाले, "अरे वा, सोलताय का?"

१० फेब्रुवारी
फोन केला. ताईंनी उचलला. "बाक झालं?" "होत आलंय." "मग झालं की करा." ठेवला.

१४ फेब्रुवारी
सगळं खरवडलं. चारही बाजू घासल्या, अगदी इमानदारीत. पुन्हा व्हार्निश. पुन्हा पापुद्रे! लाकूड व्हार्निशला जवळच येऊ देत नाही. घरातल्या माणसासारखंच.

आठवलं — गेल्या पावसाळ्यानंतर तिचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा म्हणाली होती, "यंदा बाकाकडे जरा तुम्ही बघा." बघितलं की! बरं दिसत होतं. तसं तिला सांगितलंही.

घर खायला उठतंय. ती आली नाही तर? हे फक्त वहीलाच सांगतो. इतक्या वर्षांच्या वह्या मागच्या खोलीतल्या कपाटात उभ्या आहेत, पण त्यांना कधी कुणी हात लावला नाही. तेवढं बरं आहे.

१६ फेब्रुवारी
शेवटी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी बाक उलटं केलं, नख मारलं, वास घेतला. "व्हार्निश धरेल कसं? आत तेल मुरलंय. याला तेलच द्यायचं."

"तेल? कुणी दिलं?"

"मला काय विचारता? तुमच्या घरचं बाक. दरवर्षी एक हात दिलेला आहे, खालूनसुद्धा. यंदाचा तेवढा चुकलाय, म्हणून कुसळं निघाली. तेल नसतं तर तिसऱ्या वर्षीच कुजलं असतं."

"आणि सांधे? सांधे कसे वाटले?"

"सांधे..." म्हणाले, आणि चहा प्याले.

ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दरवर्षी पाऊस संपला की ती म्हणायची, "चार दिवस बाकावर बसू नका, मुंग्यांची पावडर टाकलीय." दरवर्षी! आणि मी लोकांना सांगत होतो, आमच्या बाकाला मुंगीसुद्धा लागत नाही.

तिच्यासमोर म्हणालो — कुणी हात लावला नाही. मूर्ख! महामूर्ख!

१७ फेब्रुवारी
फोन केला. ताईंनी तिला दिला.

"झालं बाक?"

"नाही. तेल कुठलं लावायचीस?"

"जवसाचं. डबा मागच्या खोलीत आहे, तुमच्या वह्यांच्या मागे. तुम्ही हात लावू नका. संध्याकाळी येते मी."

डबा तिथेच होता. फडकंही. वह्या हलवाव्या लागल्या म्हणून एक उघडली. मग दुसरी. मग सगळ्याच. गेल्या सालची सोडली तर अकरा वर्षांच्या प्रत्येक वहीत पानोपानी तेलकट अंगठ्यांचे ठसे.

तर मग हेही वाच — चुकलं माझं. दोन कप टाकतोय.