थांबा, गाड्या येतायत

२ एप्रिल
आलो एकदाचा! वणव्यावर नजर ठेवायचा टॉवर म्हणजे मोडका माचा असेल असं वाटलं होतं. निघाली चक्क काचेची खोली. खाट, स्टोव्ह, दुर्बीण, वायरलेस. नजर पोचेल तिथवर आदिवासींचं रान, मधोमध त्यांची वस्ती. तिथला वायरलेस मुखियांची सून सांभाळते. सगळे तिला सूनबाईच म्हणतात. पहिल्याच बोलण्यात तिने विचारलं, "भाऊजी, जेवलात का? की वर नुसती हवाच खाताय?"

७ एप्रिल
सूनबाईची जीभ म्हणजे कातर. सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची खबर देते आणि जोडीला सासऱ्यांची गाऱ्हाणी. म्हातारबुवांना घोर लागलाय. पूर्वी थंडीतच ही माणसं पालापाचोळा बेताने जाळून टाकायची. आमच्या कार्यालयाने ते बंद पाडलं. आता गुडघाभर पाला साचलाय आणि रान कोरडं ठणठणीत.

११ एप्रिल
डोंगराआड धूर. लगेच कळवलं. सूनबाई म्हणाली, सासरे आत्ताच सगळ्यांना घेऊन नदीच्या वाटेने निघायचं म्हणतायत. तिला स्वतःला सातवा महिना. कार्यालयातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, वाटेत काही झालं तर निस्तरणार कोण? तिथेच थांबवा, गाड्या पाठवतो. मी तसं सांगितलं.
"तुम्ही म्हणताय तर थांबतो, भाऊजी."

१२ एप्रिल
सकाळी वारा फिरला. तिने विचारलं, "निघू का?" साहेब म्हणाले, गाड्या निघाल्यात. मी म्हणालो, थांबा. दुपारी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांबा म्हणालो. मग आग नदीच्या वाटेवर उतरली.
शेवटी तिने काही विचारलं नाही. नुसता खोकला, आणि मागे म्हातारबुवा एकेकाला हाक मारून घरात घेत होते. मग खरखर.
काचेतून सगळं दिसत होतं. दुर्बीण खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही.

१४ एप्रिल
कोणी वाचलं नाही. गाड्या निघाल्याच नव्हत्या. हुकमावर सही राहिली होती म्हणे.
वस्तीत जाऊन आलो. राख अजून गरम आहे. मुखियांच्या ओट्यावर वायरलेसचा वितळून गोळा झालाय. हात लावून पाहिला.

१५ एप्रिल
वाऱ्याची खबर यायच्या वेळेला माझा वायरलेस खरखरला.
"भाऊजी, निघू का?"

१६ एप्रिल
बॅटरी काढून टॉवरखाली फेकली. तरी येतोय आवाज. सासऱ्यांना दम लागतोय म्हणाली. मागे पोरं खोकतायत.

१७ एप्रिल
रागावत नाही ती. शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. माझ्या शब्दाखातर अजून तिथेच थांबलेत सगळे— त्या राखेत—

१८ एप्रिल
सांगून टाकलं. निघा, सूनबाई. सगळे निघा. माझं चुकलं— मी तेव्हाच—
ती रडली. बरं वाटलं म्हणाली. धुरात वाट दिसत नाहीये, तुमचा टॉवर तेवढा दिसतोय, तिकडेच येतो—

१९ एप्रिल
बाहेर लख्ख ऊन, पण काचा काळ्या पडतायत. जिन्यावर पावलं. म्हातारी माणसं आहेत, थांबत थांबत चढतायत— घाई नाही कुणालाच—
कडी तापलीये. हात भाजतोय. उघडायलाच हवं, आणखी किती थांबवू त्यांना— पाण्याचं पिंप भरलेलं आहे, पुरेल सगळ्यांना—
या, सूनबाई, आत या, मी