शिंगे शेवटच्या खेपेला

मी, व्हर्ना टीग हल्टक्विस्ट, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कै. लेस्टर हल्टक्विस्ट यांची पत्नी, धंदा खेचरांवरून ओझी वाहण्याचा, राहणार टॅमरॅक, राज्य आयडाहो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे पोट निकामी झाले आहे, डोके नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आजवर ते आणून पाहिले त्यांना गाव ओळखते. माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे लागावी.

कलम १. राहते घर, त्यातील सामानासह, माझी मुलगी कोरीन हिला. ती शहरात परिचारिका आहे आणि सध्या रजा काढून माझ्या उशाशी आहे. चूल डावीकडून धूर सोडते. तिचा बाप 'उद्या बघतो' म्हणत म्हणत गेला. तिनेही घाई करू नये. माझी रायफल आणि बोटातली एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, दाताची अंगठीही तिचीच. तो दात लेस्टरने लग्नाच्या वर्षी मारलेल्या नराचा आहे. माझे बोट बारीक झाल्यामुळे आत दोरा गुंडाळला आहे, तो काढून टाकावा.

कलम २. घराखालची चाळीस एकर जमीन, जिच्यातून लंगड्या घोड्याच्या घळीत उतरणारी पायवाट जाते, तीही कोरीनला, परंतु अटीवर. त्या वाटेवर फाटक लागणार नाही, कुलूप लागणार नाही, पाटी लागणार नाही. ज्याचे पाय चालतात त्याची ती वाट आहे. एवढे एक वाक्य सांगण्यासाठी मी तीस वर्षे सरकारी सुनावण्यांत उभी राहिले, आणि मरताना ते मऊ करणार नाही. विमानाने येऊन, वाटाड्याच्या बोटाकडे पाहून गोळी झाडणारे आणि भिंतीवर टांगायला डोके तेवढे कापून नेणारे लोक या जमिनीवर डोळा ठेवून आहेत. त्यांना घळीत उतरण्याची मनाई नाही. उतरावे, घाम गाळावा, शहाणे व्हावे. ती आपली एकट्याची करून घेण्याची मात्र मनाई आहे.

कलम ३. माझी पुस्तके गावाच्या सभागृहाला. कपाटाला काच नको. न परतवणाऱ्याकडे तगादा लावू नये. पुस्तक परत आले नाही म्हणजे कोणी तरी वाचत बसले आहे असे धरावे.

कलम ४. शेजारीण ओपल स्ट्रिकलर हिला बिडाची मोठी कढई द्यायची होती. वकील म्हणतात, ती साक्षीदार असल्याने तिला काही देता येत नाही. त्यावर ओपल म्हणाली, "मग मरेपर्यंत कशाला थांबू?" आणि कढई काखेत मारून घेऊन गेली. हे कलम निकालात निघाले आहे.

कलम ५. ~~माझा धाकटा भाऊ वेंडेल टीग यास काहीही देऊ नये. असे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे.~~ (व्ह. टी. ह.)

कारण नोंदवते. आमच्या घळीत एक रीत आहे: आधी मांस वर आणायचे, शिंगे शेवटच्या खेपेला. वर कोणीही वाट पाहत असो. जनावर जीव देते तो भिंतीसाठी नव्हे. ही रीत आम्हा दोघांना आईने एकाच दिवशी, एकाच ओझ्याखाली शिकवली. बावीस वर्षांपूर्वी घळीच्या तळाशी एक नर होता, घोड्याच्या उंचीचा. त्याची शीळ ऐकून बाकीचे नर गप्प होत, म्हणून आम्ही त्याला 'जज्ज' म्हणायचो. तो चिखलात लोळायला कुठे येतो, कुठल्या कड्याआडून वारा घेतो, हे मी तीन हंगाम मागे फिरून शोधले होते. त्या वर्षी शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत नाव निघाले वेंडेलचे. मी त्याला जागा दाखवली, हौसेने दाखवली. त्याने जज्ज मारला आणि पहिल्या खेपेला खेचरावर शिंगे चढवली, कारण गावात फोटोवाले थांबले होते. सप्टेंबरचे ऊन होते. हारतुरे आणि हस्तांदोलने आटोपून तो खाली उतरला तोवर दोन घरांचे हिवाळ्याचे मांस नासले होते. मी भर सभेत त्याला त्याबद्दल बोलले. तो उठून गेला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

येथपर्यंत मंगळवारी लिहिले. आज शनिवार. कलम ५ मधील खाडाखोड माझी आहे आणि शेजारी माझी आद्याक्षरे आहेत. वकील म्हणतात, स्वच्छ प्रत काढू. काढायची नाही. काय खोडले ते दिसू दे.

झाले ते असे. सकाळी कोरीनने दार उघडले आणि ती म्हणाली, "मामा?"

"तुझी आई झोपलीय का?"

"ती कधी झोपते?"

"मग तिला सांग, मांस आणलंय. घेणार का विचार."

मी आतून ओरडले, "मांसाला मी कधी नाही म्हणत नाही. माणसाचं बघू."

तो खोलीच्या दारात आला. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा, सदऱ्याचे खांदे पट्ट्यांनी घासून फाटलेले, गुडघे उभ्या उभ्या थरथरत होते. मला पाहून त्याने टोपी काढली, जशी लोक प्रेतासमोर काढतात.

"टोपी घाल. अजून वेळ आहे," मी म्हटले.

"काय हाडं राहिलीत गं तुझी, ताई."

"तुझं पोट बघ. दोघांचा मिळून एक बरा माणूस होईल."

मग तो बसला. यंदा सोडतीत त्याचे नाव निघाले होते. जज्जच्याच जुन्या चिखलाजवळ, तांबड्या कड्याखाली, त्याला नर मिळाला. आणि घळीच्या तळापासून सगळे मांस त्याने पाठीवर वर आणले. एकट्याने, खेपेमागून खेप.

"पाठीवर? खेचरं काय मेली होती?"

"खेचरं तुझ्या तबेल्यात. मागायला तोंड हवं ना."

बावीस वर्षे तोंडपाठ ठेवलेल्या भाषणातले एक वाक्य आठवेना. तोच पुढे म्हणाला, "तू सभेत बोललीस ते खरं होतं. पण तुला माईक कशाला लागला? इथं स्वयंपाकघरात बोलली असतीस, तर मी इथंच बसून रडलो असतो."

"तू स्वयंपाकघरात आलास कुठं? तू फोटोला उभा होतास."

"मला वाटायचं, तुला हेवा वाटला."

"वाटलाच. तीन हंगाम मी त्याच्या मागं आणि नाव तुझं! पण मांस काय माझ्या हेव्यानं नासलं?"

तो हसला. पुढचे दोन दात नाहीत. कधी पडले, मला माहीत नाही. ते हसू पाहून मी भिंतीकडे तोंड फिरवले. कोरीनने मांसाचे पाणी उकळून आणले होते. वेंडेलने ते तिच्या हातातून घेतले, फुंकून गार केले आणि मला चमच्याने पाजले. पंधरा दिवसांत पोटात राहिलेले ते पहिले अन्न.

नंतर मी विचारले, "शिंगं कुठंयत?"

"तळाशी. राहू देत तिथंच."

"केवढी आहेत?"

त्याने हात पसरले. मग खुर्ची मागे सरकवून आणखी पसरले.

"जज्जपेक्षा मोठी?"

"ताई, याच्यापुढं जज्ज म्हणजे कारकून."

"आणि तू ती उंदीर-साळिंदरांना कुरतडायला ठेवून आलास?"

"मला नकोत. त्या वेळची फेड झाली, असं समज."

मी संतापले. अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून संतापले. म्हटले, "फेड? आईनं शिंगं शेवटी आणा म्हणून सांगितलं होतं, टाकून या म्हणून नाही. मांस नासवणं जशी उधळपट्टी, तशीच ही. तुझा पश्चात्ताप मिरवायला ते जनावर मेलं नाही. उद्या उजाडताच खेचरं घे, कोरीनला घे आणि घेऊन ये."

"आई, तुला सोडून?" कोरीन म्हणाली.

"ओपल आहे. शिवाय मामाचे गुडघे बघ. त्यालाच वर आणावं लागेल एखाद वेळेस."

"आणि तोवर तू गेलीस तर?" वेंडेल म्हणाला. तो नेहमीच सरळ बोलणारा.

"माझी सही राहिलीय. सहीशिवाय मी कुठं जात नाही."

कलम ६. म्हणून, माझी दोन्ही खेचरे, खोगिरे, दोर आणि मांसाच्या सुती पिशव्या भाऊ वेंडेल टीग यास. थोरली डॉली, समजूतदार. धाकटा सिनेटर, ओझे दुसऱ्याने उचलावे असे त्याचे ठाम मत आहे, तेव्हा त्याच्याशी वाद न घालता साखर द्यावी. खाली असलेली शिंगे वेंडेलचीच. मोजायची तर मोजावीत, फोटो काढायचे तर काढावेत. या वेळी त्याने ती कमावली आहेत, आणि हे मी माईकवरून सांगायला तयार होते, पण आता आवाज नाही.

कलम ७. मला लेस्टरशेजारी पुरावे. प्रार्थना आटोपशीर असावी. भाषणे नकोत, या गावात मी सर्वांच्या वाटचे बोलून ठेवले आहे. वेंडेलला बोलायचे असेल तर त्याने स्वयंपाकघरात बोलावे. सर्वांना पोटभर जेवू घालावे, मांस आहेच.

आज रविवार. ती दोघे पहाटे उतरली. वकील आणि दुसरे साक्षीदार फ्लॉइड चर्च आटोपून दुपारीच आले आणि पुढच्या खोलीत कॉफी पीत आहेत. पश्चिमेकडून ढग आले आहेत, आणि ओपल खिडकीचा पडदा ओढू पाहते म्हणजे बर्फ पडू लागले असणार. वकील दोनदा आत येऊन म्हणाले, "बाई, सही करून टाकू या का?" मी नाही म्हटले. सही केली की काम संपले असे हे शरीर समजेल, आणि मला आणखी थोडा वेळ हवा आहे. कोरीन सोळा वर्षांची झाल्यापासून त्या घळीत उतरलेली नाही. वेंडेलचे गुडघे मी पाहिले आहेत. मी पाठवले त्यांना. मरणाचे मला काही वाटत नाही. या संध्याकाळचे वाटते.

ओपल म्हणते, "काय लिहितेस एवढं?"

"काही नाही. हात चालू ठेवते."

आली. आधी तबेल्याच्या बाजूने सिनेटरची कुरकुर ऐकू आली, मग वेंडेलच्या शिव्या, मग माझ्या मुलीचे हसणे, जे मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. शिंगे दारातून सरळ येईनात. तिरकी केली, उलटी केली, चौकटीला ओरखडा पडला, तेव्हा आत आली. वेंडेल म्हणाला, "ठेवू कुठं?" मी म्हटले, "इथं." त्याने ती माझ्या गोधडीवर ठेवली, बर्फ आणि चिखलासकट. टोकांना देवदाराचा चीक लागला आहे. मी हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझा हात पोहोचत नाही. वेंडेल पलंगाच्या त्या बाजूला बसला आहे, दुसरे टोक धरून.

आता सही करते. कागद ठेवायला पलंगावर जागा उरलेली नाही, त्यामुळे ती वाकडी येईल. ती माझीच आहे.

(सही) व्हर्ना टीग हल्टक्विस्ट

व्हर्नाबाईंनी वरील सही आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना आणि हसत केली. त्यानंतर आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार:
१. ओपल स्ट्रिकलर, शेजारीण
२. फ्लॉइड बेटनकोर्ट, दाणावैरणीचे दुकानदार

ठिकाण: टॅमरॅक, आयडाहो
दिनांक: २० ऑक्टोबर २०१९, दिवेलागणीची वेळ