रऊफभाईंची बेकरी आणि माझे शिलाई मशीन

मी, केशरबाई विश्वासराव गावंडे, वय ७१, धंदा शिवणकाम, राहणार बाळापूर, जिल्हा अकोला, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. शब्द वकिलांनी नीट केले, मजकूर माझा.

१. राहते घर मुलगा विपुल व मुलगी जमुना यांना निम्मे-निम्मे. जमुनेने हक्क सोडावा, असे कोणी तिला सुचवू नये.

२. दोन एकर शेत विपुलचे. विकले तरी हरकत नाही. कपाशी तीन वर्षे लागोपाठ बुडाली, तेव्हा घर माझ्या मशीनवर चालले.

३. ते मशीन शेजारचे बेकरीवाले रऊफभाई यांची मुलगी अलीझा हिला द्यावे. ती माझ्याकडेच शिकली. तिचे काज आता माझ्यापेक्षा सरस होतात. दुसरेही कारण आहे.

गेल्या वर्षी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरला की रऊफभाई टोस्टात घाण मिसळतात, त्यांच्या लोकांकडून काही घेऊ नका. गिऱ्हाईक तुटले. विपुलनेही तो पुढे पाठवला होता. मी विचारले, "तुया डोयानं पाह्यलं काय?"

"नाई. काकानं पाठोलं होतं."

"मंग तुनं काहून पाठोलं?"

 दुसऱ्या सकाळी त्याला बेकरीत नेले आणि तो मजकूर रऊफभाईंना वाचून दाखवायला सांगितले. दोन ओळी वाचून त्याने फोन खाली ठेवला. रऊफभाई म्हणाले, "राहू द्या माय. चहा घ्या."

विपुलने तिथेच बसून ग्रुपवर लिहिले: मी न पाहता पाठवले, ते खोटे आहे, चूक माझी. चौघांनी शिव्या दिल्या. त्याने चौघांनाही तेच पुन्हा लिहिले. मग महिनाभर आम्ही मायलेक रोज त्या बेकरीत टोस्ट खायला बसलो. हळूहळू गल्ली परतली. विपुलचा मला फार अभिमान वाटला. तोंडावर बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

४. तो मजकूर ग्रुपवर आणणारे माझे दीर पंजाबराव. यजमानांचे घड्याळ त्यांना द्यायचे होते. ते आता जमुनेला द्यावे.

साक्षीदार म्हणून पंजाबरावांनाच मुद्दाम बोलावले व सर्व वाचून दाखवले. कलम चार त्यांनी पूर्ण ऐकले. मग खिशातून फोन काढून त्यांनी ग्रुपवर लिहिले, "तो मजकूर खोटा होता." मी वकिलांना कलम खोडायला सांगितले, तर पंजाबराव म्हणाले, "राहू दे वहिनी. लिहिलं ते बरोबर हाये." म्हणून ते तसेच ठेवले आहे.

लिहून देणार: केशरबाई वि. गावंडे (सही)
साक्षीदार: १) पंजाबराव गावंडे (सही) २) सुंदराबाई तायडे, शेजारीण (अंगठा)
बाळापूर, १४ ऑक्टोबर २०१९