स्ट्रेचरशेजारची खुर्ची

३ जानेवारी
फोन वाजला — बँकेचा! चेन्नईच्या दवाखान्याचा नव्हे. प्रेमदास, माझा नवरा, खाटेवरून माझ्याकडं बघत होता, नाकात ऑक्सिजनची नळी. मी मान हलवली. तो म्हणाला, "अगं, मेलेला माणूस मिळायला वेळ लागतोच."
त्याची फुप्फुसं गेलीत. दुसऱ्या कुणाची मिळतील म्हणून आम्ही थांबलोय. म्हणजे कुणीतरी मरावं, हेच मी रोज देवाकडं मागते ना? शब्द तेवढे बदलून.

५ जानेवारी
योगेश, माझा दीर, हैदराबादला विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपनीत आहे. मालक छोटं जेट द्यायला तयार झालाय. फुप्फुसं मिळाल्याचा निरोप चेन्नईहून आला, की लगेच ते आम्हाला न्यायला नांदेडला येणार. एरवी त्यात व्यापारी, पुढारी फिरतात. खुर्च्या काढल्या की स्ट्रेचर बसतं, दार त्यापुरतं रुंद आहे, मधे इंधनासाठी उतरावं लागत नाही. आतल्या हवेचा दाब जवळजवळ जमिनीवरच्यासारखा ठेवता येतो. प्रेमदाससाठी हेच महत्त्वाचं. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. योगेश वैतागला — वहिनी, विमान म्या न्हाई बनवलं!
सोबत डॉक्टर, नर्स आणि घरचं एकच माणूस.
एकच.

६ जानेवारी
सासूबाई आमच्या बंजारा तांड्यावरून आल्या. त्यांना सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, मी जाणार. तिथली भाषा, डॉक्टरांचं बोलणं, सह्या — सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं. पुन्हा तेच.

८ जानेवारी
गोष्ट तांड्याच्या प्रमुखापुढं, नायकापुढं गेली. आमच्यात घरातलं भांडण तिथंच मिटतं, शिकलेल्यांचंही. नायक रतनसिंग काकांनी याडीला विचारलं, काहून जायचं? "तिकडं माझं काम हाय." याहून जास्त सांगेनात. कुणीतरी बोललं, म्हातारीला विमानात बसायची हौस आली! हशा झाला. काका म्हणाले, सह्या योगेश तिथं जाऊन करील. आई जाईल.
मी धुसफुसत घरी आले. मला नवऱ्याजवळ राहायचंय, की माझ्यावाचून चालत नाही हे दाखवायचंय? अजून ठरत नाही.

९ जानेवारी
विमानासाठी वजनं हवीत. याडी तांड्याजवळच्या गोरेगावात सोयाबीन तोलायच्या काट्यावर उभ्या राहिल्या — आरशांचा घागरा, चांदी, हातभर बांगड्या. योगेश फोनवर म्हणाला, दागिने काढून सांग.
"दागिने काढून मी कवा राहिले रे?"

१४ जानेवारी
आला! फोन आला!
नांदेड. केवढंसं विमान. स्ट्रेचर अलगद आत गेलं. याडी घागरा सावरत चढल्या, मागं वळूनही पाहिलं नाही. मी जाळीबाहेर.

१५ जानेवारी
ऑपरेशन चालू आहे. योगेशच्या फोनवरून याडी बोलल्या. दवाखान्याच्या जिन्याजवळ एक बाई ऊर बडवत होती. या तिच्याजवळ बसल्या, गळ्यात गळा घातला, आपल्याकडं मयताच्या घरी रडतात तशा मोठ्यानं रडल्या.
मी विचारलं, तिच्याच माणसाची फुप्फुसं का?
"म्या इचारलं न्हाई. जो मेला त्याच्यासाठी आपल्या घरचं कुणीतरी रडाया पायजे व्हतं, पोरी. तेवढ्यासाठीच आले मी."