चार तासांचा आलेख

नागपूर, १४ नोव्हेंबर १९७९

आदरणीय रुपरावमामांस,
गोपिकाचा सविनय जयभीम. मामींचे गुडघे आता बरे असतील.

गेल्या पत्रातली एक गोष्ट खोडते. तुम्ही जोडलेल्या टर्बाइनच्या कड्याला भट्टीत जाण्याआधीच चीर होती, असं मी लिहिलं. नव्हती. सांधा मीच तपासला होता. लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड मारली. पुडीवर एकही लाल रेघ उठली नाही. वहीत तशी नोंद आहे.

चीर भट्टीत पडली. हे निकेलचं कडं पोलादासारखं नाही. सांध्यातला ताण सुटण्याआधीच ते आतून कडक होऊ लागतं. मधल्या उष्णतेत रेंगाळलं, की सांध्यालगत फाटतं. तो टप्पा झपाट्याने ओलांडायचा, असं कामाच्या कार्डावर छापलंय. मी कार्ड भट्टीखात्याच्या आनंदरावसाहेबांपुढे धरलं. ते हसले.

"काहून घाई करून राहिली वं? मामानं शिकवलं नाही का तुले, हळूहळू तापवावं म्हणून?"

शिकवलं होतं. पत्र्याच्या तुकड्यावर खडूने अक्षरं गिरवून घेताना तुम्हीच म्हणायचात, "घाई करू नोको पोरी, घाईनं फाटते." पोलादाचं ते खरंच आहे. तुमचंच वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर मारलं आणि मी कार्ड खाली ठेवलं.

भट्टी मीच हळू चढवली, मामा. भट्टीच्या तापमानाच्या आलेखावर चार तासांची चढण आहे. खाली सही माझी.

चीर दिसली तेव्हा साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात थरथरते, साऱ्याइले माहीत आहे. लिहून दे, चीर आधीचीच." मी लिहून दिलं. त्या कागदावर तुम्हाला घरी बसवलं. आणि तुम्ही मला विचारता, "माह्या हाताले खरंच काही झालं का वं?"

काही झालेलं नाही! साहेबांचा संताप येतो, पण त्यांना निदान माझी सही लागली. तुम्हाला खोटं लिहायला मला कोणाचीच लागली नाही. दुसरं कडंही ते तसंच तापवणार आहेत, आणि या खेपेला नाव ते जोडणाऱ्या देवाजीचं घेतील.

चौकशी सोमवारी सकाळी दहाला आहे. वही आणि आलेख घेऊन मी साहेबांच्या देखत सगळं सांगणार, माझ्या सहीसकट. नोकरी गेली तर जाऊ दे. तुम्ही या. हात खिशात घालून येऊ नका.

तुमची भाची म्हणवून घेण्याचा हक्क नसलेली, निदान सोमवार, १९ नोव्हेंबरपर्यंत,
गोपिका