दिवा दिसला की बटण दाबायचं

३ मार्च २०१५
फार उशिरा लिहायला बसलो, माफी असावी. कोणाची मागतो ते ठाऊक नाही, कारण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. नातीनं जानेवारीतच दिली होती. औषधाच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक डोळा छापलाय. लिहायला घेतलं की तो बघत बसतो. म्हणून राहिलं.

नात म्हणजे रेवती. एमबीबीएस, वर डोळ्यांची एमएस. पेढे वाटले, मीही खाल्ले. पण मनात शंका आहे. लहानपणी या पोरीला डावी चप्पल कोणती, उजवी कोणती, कळत नसे. आता ती लोकांचे डावे-उजवे डोळे कापणार.

डिग्री म्हणजे काय? पाठ करा, पेपरात उतरवा, विसरा. शिपायाच्या जागेसाठी इंजिनिअर रांगेत उभे, असं कालच वाचलं. मी चौथी. तीही उर्दूतून, कन्नड गावच्या शाळेत, पहिला नंबर. मग निजामावर पोलीस ॲक्शन झाली, शाळा बंद पडली, उघडली तेव्हा पुस्तकं मराठी. वडील म्हणाले, समजत नाय तर वावरात चल. नाही तर आज दारावर माझी पाटी असती. तरी आडतीवर मुनीम असताना मूठभर ज्वारी हातात घेऊन ओल सांगायचो. कुठल्या कॉलेजात शिकवतात?

आजपासून रोज लिहायचं.

१९ मार्च
रोज जमलं नाही. तब्येत.

बायकोनं, म्हणजे द्वारकेनं, चहा भलत्याच ठिकाणी ठेवला, हात लागून सांडला. परवा कपाळाला चौकट लागली. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत. ती म्हणते, अहो, चौकट व्हय ती, ती कुठं जाती? लगेच रेवतीला फोन करून सांगितलं. चुगलखोर.

नजर उत्तम आहे. पेपर पूर्ण वाचतो, छोट्या जाहिरातींसकट.

रेवती म्हणाली, आबा, उद्या दवाखान्यात या. जाणार. तिची डिग्री तपासायची हीच संधी.

२० मार्च, दुपारी
युक्ती अशी केली. बाहेर बाकावर बसलो असताना उघड्या दारातून अक्षरांचा तक्ता पाठ करून टाकला. खरी हुशार असेल तर पकडेल. नंबर आला, घडाघडा म्हटलं. रेवती म्हणाली, छान. मला फार वाईट वाटलं. एवढा खर्च केला पोरीवर.

मग म्हणाली, पाठ कशाला केलात, तुम्हाला तेवढं दिसतंच. मला पाठ करताना पाहिलं होतं म्हणे तिनं. मग यंत्रातून डोळ्यात बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, काचबिंदू वाटतोय. हा कडेकडेनं खातो, मधलं शेवटी. वाचणाऱ्या माणसाला पत्ताच लागत नाही.

कडेकडेनं खायला ती काय भाकरी आहे. जे पेशंटला कळत नाही ते डॉक्टरला कसं कळणार?

२६ मार्च
आज मशीनवर परीक्षा. पांढऱ्या मोठ्या कटोऱ्यात तोंड घालायचं, नजर मधे ठेवायची. आजूबाजूला बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की बटण दाबायचं. एवढंच.

दोन-चार दिसले. मग बराच वेळ काही नाही. घाम फुटला. चौथीच्या परीक्षेतही एवढा घाबरलो नव्हतो. मग डोकं चालवलं. प्रत्येक श्वासाला एकदा दाबत गेलो. पैकीच्या पैकी.

रेवतीनं कागद पाहिला. मशीननं छापलंय, हा निकाल विश्वास ठेवण्याजोगा नाही. म्हणजे नजर इतकी तेज की मशीनलाही खरं वाटलं नाही. पण ती म्हणाली, आबा, मधेमधे दिवा लागलाच नव्हता, तेव्हाही तुम्ही दाबलंय. पुन्हा द्या परीक्षा.

पास झालेल्या माणसानं पुन्हा परीक्षा कशाला द्यायची? उठून आलो. मागून औषधाची बाटली पाठवली. रोज झोपताना एकेक थेंब.

११ एप्रिल
रेवती चेन्नईला निघाली. वर्षभर पुढचा कोर्स, काचबिंदूचाच. विचारलं, एवढ्या डिग्र्यांवर अजून शिकायचं राहिलंच असेल, तर त्या डिग्र्या कशाच्या? म्हणाली, काय येत नाही तेवढं त्यांच्यामुळं कळलं, आबा. उत्तर पाठ केलेलं वाटलं.

पाया पडताना परत तेच. थेंब चुकवू नका. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखता येते. हो म्हणालो.

थेंब झोंबतात. बाटली देवळीत, मूर्तीमागं ठेवली आहे. देवाच्या नजरेखाली असलेली बरी.

३० मे
रेवतीचा फोन. थेंब टाकता ना? टाकतो म्हटलं. पोरीला परमुलखात काळजी नको.

जिन्याची शेवटची पायरी कोणीतरी बुटकी केली आहे.

२२ जुलै, संध्याकाळी
वाईट झालं.

लूना घेऊन शहागंजात गेलो, मोहियोद्दीनच्या घड्याळाच्या दुकानी. शाळेपासूनचा दोस्त. एकाच पाटावर बसायचो. दुकानासमोर वळलो आणि लूना त्याच्याच अंगावर गेली. पडला. उजवं मनगट मोडलं. त्याच हातानं तो घड्याळं उघडतो.

म्हटलं, अचानक आडवा कशाला आलास? म्हणाला, आडवा? पहाड सरीका खडा था मैं. हाथ हिला रा था. तेरेकू दिखा नै? प्लॅस्टर घालताना डॉक्टरला सांगत होता, चौथी में ये पैला आया था साब, मेरी पाटी देखके. तब इसकू बाजू का बराबर दिखता था.

सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन डावा हात बाजूला धरला, बोटं हलवली. दिसेनात. ट्यूब मंद असेल म्हणून अंगणात गेलो. अजून उजेड होता. तिथंही नाहीत. बोटं हलतात हे समजत होतं, पण दिसत नव्हती. हात हळूहळू पुढं आणत गेलो. पार नाकासमोर आला तेव्हा सापडला.

द्वारका दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे. देवळीतली बाटली काढून आणली. तिला जागा ठाऊक होती.

२४ जुलै
चि. रेवतीस आशीर्वाद.

या पानाचा फोटो काढून तुझी आई तुला पाठवणार आहे. फोनवर माझ्याच्यानं सांगवेना. थेंब टाकतो म्हणत होतो, ते टाकले नाहीत. परवापासून टाकतोय. बाटली तीच, जुनी झाली म्हणून तुझी आई ओरडते आहे. चालेल का, ते सांग.

लूनाची चावी तुझ्या आजीकडं दिली. मोहियोद्दीनचा हात बरा होईल म्हणतात.

डिग्रीबद्दल माझं मत मी बदललेलं नाही. सरसकट सगळ्यांची खरी नसते. तुझ्यापुरतं बोलायचं तर, तुझं तू खरं शिकली आहेस, असं दिसतं.

एवढंच विचारायचं आहे. आता किती उरलंय? परीक्षा पुन्हा देतो. इथं सांगशील तिथं, नाही तर चेन्नईला येतो, आजी बरोबर येईल. या वेळी दिवा दिसला तरच दाबीन. फार वेळ बटण वाजलं नाही, तर रागावू नकोस.

कधी येऊ? लवकर कळव.