छताखालची बाई

प्रिय मास्तर,

जपानीच्या परीक्षेचा निकाल लागला. नापास. तिसऱ्यांदा. हसू नकोस हं, आणि रडूही नकोस. तुला दोन्ही धड जमत नाही.

अभ्यास केला नाही असं मात्र म्हणू नकोस. इस्पितळात चादरी बदलता बदलता तुझी वही घोकत होते. तूच शिकवलंस ना, एकेका कांजीला, म्हणजे जपानी चित्राक्षराला, एक शब्द, आणि तो लक्षात राहायला एक गोष्ट? छताखाली बाई, अर्थ 'शांत'. तू गोष्ट रचलीस, की मी बसथांब्याच्या छपराखाली शांत बसलेय आणि तू तासभर उशिरा, तुटकी चप्पल हातात घेऊन येतोयस. झाडाला टेकलेला माणूस, अर्थ 'विश्रांती'. ही तर घडलेलीच गोष्ट. इस्पितळामागच्या झाडाला टेकून तू माझा डबा फस्त केलास. मेल्या, एक घास ठेवला नव्हतास!

परीक्षेत दोन्ही आले. मला चप्पल आठवली, डबा आठवला, तुझं बोटं चाटणं आठवलं. शब्द काही आठवेना. छताखालच्या बाईपुढे 'वाट पाहणे'वर खूण केली, झाडाजवळच्या माणसापुढे 'भूक'वर. अशा किती तरी. तू म्हणायचास, गोष्ट म्हणजे परांची. भिंत उभी राहिली की काढून टाकायची. तुझी भिंत उभी राहिली, पास होऊन जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलासही. माझी नुसती परांचीच उरलीय रे.

आईला वाटतं, पुढच्या वर्षी होईन पास. तिला सांगायचा धीर होत नाही, म्हणून तुला सांगते. तिकडे कामाला पाठवणाऱ्या कचेरीतल्या बाईंनी माझी फाईल बंद केली. पस्तिशीनंतर ते कुणाला घेत नाहीत, आणि मला गेल्याच आठवड्यात छत्तिसावं लागलं. तिथल्या जिन्यावरच बसून रडले. तू परत ये म्हणायचीही सोय नाही. तुझ्या बाबांचं औषधपाणी तुझ्याच पगारावर चाललंय. त्यांची चादर रोज मीच बदलते, मला ठाऊक नाही का!

मागच्या पत्रात लिहिलं होतंस, खोलीत दुसरी खाट आणलीय, उशीसुद्धा. त्या खाटेसाठीच हे पत्र. ती कुणाला तरी देऊन टाक. चार वर्षं थांबलास, पुरे झालं. मी येत नाही.

तुझीच,
छताखालची